गाळा दुसऱ्याच्या हाती जाताना: एक प्रस्तावना

सोनईच्या पेठेत एखादे दुकान एका हातातून दुसऱ्या हातात गेले की गावाला ते आधी पाटीवरून कळते. पेंटर शिडी लावतो, जुन्या नावावर पांढरा हात मारतो, कोपऱ्यातले ‘प्रोप्रा.’ तसेच ठेवतो आणि पुढचे नाव बदलतो. समोरच्या चहाच्या टपरीवर चौकशी होते आणि उत्तर मिळते, “त्याने दुकान दिले.” बहुतेकांचे समाधान तेवढ्यावर होते. माझे कधी झाले नाही. दिले म्हणजे काय केले? विकले? पोटभाड्याने दिले? वर्षभर चालवायला दिले? माल विकून गाळा मूळ मालकाला परत केला? की नुसती किल्ली दिली आणि बाकीचे सगळे बोलण्यावर राहिले? एका ‘देणे’ या क्रियापदात कायद्याच्या पाच-सहा निरनिराळ्या कृती दडलेल्या असतात. त्यांतली नेमकी कोणती घडली, हे पुष्कळदा देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही भांडण उभे राहीपर्यंत माहीत नसते.

त्या कृती वेगवेगळ्या करून पाहायच्या, एवढाच हा विषय आहे. व्यापारी गाळ्याच्या भाडेहक्काचे हस्तांतर, हे त्याचे कागदी नाव. नाव रुक्ष आहे, पण विषय तसा नाही. इथे भाषा आहे, गावकी आहे, पैसा आहे, घराघरांतले शब्द आणि त्या शब्दांचे मोडणे आहे. वकिलीचे विद्यार्थी, गाळे बांधून भाड्याने देणारे शेतकरी, वडिलांचे दुकान पुढे चालवावे की देऊन टाकावे अशा विचारात असलेली मुले-मुली, सगळ्यांचे इथे मनापासून स्वागत आहे. कायद्याचे आधीचे ज्ञान लागत नाही. आपल्या गावातल्या एका दुकानाचा इतिहास ठाऊक असला की सुरुवात होते.

या विषयावरचे बहुतेक लिखाण मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून झालेले आहे. मी मुद्दाम सोनईपासून सुरुवात करतो. नेवासे तालुक्यातले हे गाव. मुळेच्या उजव्या कालव्याने या भागात ऊस आणला, उसाने कारखाना आणला आणि कारखान्याने पेठ वाढवली. राहुरीकडून शनिशिंगणापूरला जाणारी वाहनेही इथूनच जातात. त्यामुळे इथल्या दुकानांना दोन नाड्या आहेत: एक उसाच्या बिलाची, दुसरी शनिवार-अमावास्येच्या गर्दीची. बिल जमा झाले की कापड, हार्डवेअर, ट्रॅक्टरचे सुटे भाग, सगळ्यांची उधारी वसूल होते. बिल लांबले की भाडेही लांबते. गाळ्याचा मालक बहुधा स्वतःच शेतकरी असतो. रस्त्याकडेच्या जागेवर त्याने चार शटर काढलेली असतात. भाडेकरू त्याच्या ओळखीचा, कधी सोयरा, कधी शाळेतला जोडीदार. दोघे एकमेकांच्या घरच्या लग्नात वाढायला उभे राहतात. अशा नात्यात “मी दुकान अमक्याला देतोय” असे भाडेकरूने सांगितले की मालक “बरं” म्हणतो. या “बरं”चा कायद्यात अर्थ काय, हा माझ्या मते या विषयाचा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे आणि शहरी पुस्तकांत तो जवळजवळ येतच नाही.

आता कागदाकडे येऊ. समजा भाडेचिठ्ठी आहे. तिच्यात भाडे आहे, मुदत आहे, अनामत आहे. पण भाडेकरूला गाळा दुसऱ्याला देता येईल की नाही, याबद्दल एक अक्षर नाही. कागद गप्प आहे. मग देता येतो का?

उत्तर गाळा कुठे आहे त्यावर ठरते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा. त्याच्या कलम १०८ मधले पोटकलम ‘जे’ म्हणते की, करारात मनाई नसेल तर पट्टेदार आपला हक्क पूर्णपणे दुसऱ्याला देऊ शकतो, गहाण ठेवू शकतो, पोटभाड्यानेही देऊ शकतो. इथे गप्प कागदाचा अर्थ ‘परवानगी आहे’ असा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून अमलात आलेला. त्याचे कलम २६ याच्या नेमके उलट सांगते: करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूने गाळा पोटभाड्याने देऊ नये, आपला हक्क दुसऱ्याला देऊ नये. इथे त्याच गप्प कागदाचा अर्थ ‘मनाई आहे’ असा होतो. आणि मनाई मोडली तर कलम १६ प्रमाणे मालकाला ताबा मागता येतो.

हा १९९९ चा कायदा राज्यात सरसकट लागू नाही. त्याला परिशिष्टे जोडलेली आहेत आणि दुकानांपुरता तो त्या परिशिष्टांतल्या क्षेत्रांना लागू होतो. म्हणजे एकाच मजकुराच्या दोन भाडेचिठ्ठ्या, एक परिशिष्टातल्या शहरातली आणि एक परिशिष्टाबाहेरच्या गावातली, अगदी परस्परविरुद्ध अर्थ सांगू शकतात. म्हणून नव्या अभ्यासकाला मी पहिल्या दिवशी करार वाचायला देत नाही. आधी जागा कुठली ते विचार, परिशिष्ट उघड, त्यानंतरच्या अधिसूचना पाहा, मग करार वाच, असे सांगतो. कलमे पाठ असलेले हुशार लोकही इथे चुकलेले मी पाहिले आहेत, कारण त्यांनी जागेचा प्रश्न सोडून थेट कागदाला हात घातला.

हा उलटा नियम आला कुठून, ते समजून घेण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत जागांची टंचाई होती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडे बांधून टाकले आणि भाडेकरूला हुसकावून लावणे अवघड केले. एवढे संरक्षण दिल्यावर भाडेकरूने त्या संरक्षणाचाच बाजार मांडू नये, म्हणून पोटभाडे आणि हस्तांतर यांना बंदी आली. पण बाजार थांबला नाही. गरजेपोटी लोक जागा देत-घेत राहिले आणि सरकारला अधूनमधून मागचे सगळे नियमित करून घ्यावे लागले. २१ मे १९५९ आणि १ फेब्रुवारी १९७३ या दोन तारखा भाडे कायद्याच्या जुन्या वकिलांना घरातल्या वाढदिवसांसारख्या पाठ असतात, त्या यामुळेच. त्या दिवशी जागेत कोण होते, यावर कित्येक दुकानांचे पुढचे सगळे भवितव्य ठरले.

या बंदीत एक फट मात्र सरकारने स्वतःहून ठेवली, आणि माझ्या मते आपल्या राज्यातल्या या विषयाचा गाभा तिथे आहे. सप्टेंबर १९४८ च्या एका अधिसूचनेने असे मान्य केले की, चालता धंदा विकताना त्याबरोबर जाणारा गाळ्याचा हक्क दुसऱ्याला देता येईल. अट अशी की धंदा चालू स्थितीत असला पाहिजे. माल आणि दुकानाचे नाव, म्हणजे गिऱ्हाइकांचा विश्वास, दोन्ही त्याबरोबर गेले पाहिजेत. आणि विकणाऱ्याने आपला संपूर्ण हक्क दिला पाहिजे, थोडा मागे ठेवता कामा नये. यामागचा विचार मला फार समंजस वाटतो. दुकानदाराने पंचवीस वर्षे गल्ल्यावर बसून जे कमावले, ते त्या चार भिंतींशी बांधलेले असते. जागेशिवाय धंदा विकायला सांगणे म्हणजे झाडाशिवाय सावली विकायला सांगणे. पण नुसत्या भिंतींचा सट्टा करायचा असेल तर कायदा पाठीशी उभा राहणार नाही. म्हणून अशा खटल्यांत न्यायालये बारीक पाहतात: मालाची यादी खरोखर झाली का, किंमत मालाची लावली की जागेची, घेणाऱ्याने तोच धंदा पुढे चालवला की आठ दिवसांत किराणा काढून मोबाइलचे दुकान थाटले.

आणि मग पागडी. या शब्दाशी थोडे थांबतो, कारण जागेच्या किमतीव्यतिरिक्त, भाड्याव्यतिरिक्त, दारात पाय ठेवण्यापुरता जो पैसा दिला जातो त्याला जगभर लोकांनी शरीराची आणि दाराची नावे दिली आहेत. आपण डोक्यावरची पगडी घेतली. इजिप्तमध्ये त्याला ‘खुलू रिज्ल’ म्हणतात, म्हणजे पाय मोकळा करणे. जाणाऱ्याने पाऊल उचलल्याबद्दलचा मोबदला. फ्रेंच दुकानदार ‘पा-द-पोर्त’ म्हणतात, दाराची पायरी, म्हणजे उंबरठाच. इंग्रजीत किल्लीचे पैसे म्हणतात. पगडी, पाय, पायरी, किल्ली: चौघांनाही एकच अनुभव आला की भाडे हे जागेत राहण्याचे मोल असते आणि जागेत शिरण्याचे मोल वेगळे असते. फ्रान्सने ते वास्तव लवकर कायद्यात घेतले. १९२६ पासून तिथे दुकानदाराच्या गाळ्यावरील हक्काला स्वतंत्र संरक्षण आहे, आणि धंदा विकत घेणाऱ्याला भाडेपट्टा देण्यास मनाई करणारी अट तिथे चालत नाही. आपण मात्र १९४७ पासून अर्धशतकभर पागडी घेणे गुन्हा ठरवला, मालकालाही आणि भाडेकरूलाही. परिणाम सगळ्यांना माहीत आहे. व्यवहार झाले, फक्त कागद झाले नाहीत. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने हे उलटवले. आता भाडेकरूला हक्क सोडण्याचा किंवा देण्याचा मोबदला घेता येतो, आणि मालकाला संमतीबद्दल पैसे घेता येतात. हा बदल पंचवीस वर्षांचा झाला, तरी पेठेतला माणूस आजही पागडी म्हणताना आवाज खाली आणतो. जुना कायदा गेला, त्याची भीती राहिली. या भीतीमुळे जो पैसा उघडपणे कागदावर येऊ शकतो तोही येत नाही, आणि पुढे देणाऱ्याकडे पुरावा उरत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

परिशिष्टाबाहेरच्या गावाचे गणित आणखी निराळे आहे आणि ते कोणी सांगत नाही. तिथे दुकान तोंडी बोलीवर, महिनेवारी भाड्याने असेल, तर १८८२ च्या कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांच्या नोटिशीने ते भाडे संपवता येते. म्हणजे जाणाऱ्या दुकानदाराकडे, कायद्याच्या भाषेत, देण्यासारखे पंधरा दिवस असतात. नवा माणूस मात्र गुडविलचे म्हणून लाख-दोन लाख मोजतो. तो काय विकत घेतो? मालकाच्या “बरं”वरचा विश्वास विकत घेतो. तो विश्वास बहुतेक वेळा खरा ठरतो, हे गावाच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. मालक वारला, जमिनीची वाटणी झाली आणि गाळा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या वाट्याला आला, की मात्र “बरं” म्हणणारा माणूसच राहत नाही.

‘चालवायला दिले’ हा आपल्याकडचा दुसरा लोकप्रिय प्रकार. शहरात त्याला कंडक्टिंग म्हणतात. यात धंदा मूळ दुकानदाराचा, परवाने त्याचे, पाटी त्याची. दुसरा माणूस ठरलेली रक्कम देऊन तो चालवतो. कायद्याला हा प्रकार ठाऊक आहे. दुसऱ्याचा चालू धंदा चालवणारा माणूस त्या जागेचा परवानाधारक ठरत नाही, असे १९९९ च्या भाडे कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. पण खरोखर धंदा चालवायला दिला की त्या नावाखाली जागाच दिली, हे कसे ओळखायचे? तसेच भागीदारीचे. भाडेकरू नव्या माणसाला भागीदार करून घेतो, सहा महिन्यांनी स्वतः दुकानात दिसेनासा होतो आणि विचारले तर भागीदारीपत्र पुढे करतो.

या प्रश्नावर वाचलाच पाहिजे असा निकाल शेजारच्या गोव्यातून आला: सेलिना कोएल्हो परेरा विरुद्ध उल्हास महाबळेश्वर खोलकर, सर्वोच्च न्यायालय, २००९. त्यात न्यायालयाने आधीच्या निकालांचे सार नीट मांडून ठेवले. पोटभाडे ठरायला दोन गोष्टी लागतात: भाडेकरूने जागेचा स्वतःचा संपूर्ण ताबा सोडलेला असणे आणि त्याबदल्यात काही मोबदला असणे. भागीदारी खरी असेल आणि जागेवरचे नियंत्रण भाडेकरूकडेच असेल, तर नुसता भागीदार घेतला म्हणून पोटभाडे होत नाही. पण भागीदारी हा पडदा असेल तर न्यायालय तो दूर करून पाहू शकते. पुराव्याचे ओझे सुरुवातीला मालकावर. जागा तिसऱ्याच्याच संपूर्ण ताब्यात आहे हे त्याने दाखवले की ओझे भाडेकरूवर जाते. मग तिथे तिसरा माणूस कोणत्या नात्याने बसला आहे हे त्याला सांगावे लागते. हा निकाल वाचताना मला नेहमी आपल्या पेठेतला गल्ला दिसतो. संध्याकाळी गल्ला कोण मोजतो, किल्ली कोणाच्या घरी जाते, घाऊक व्यापारी उधारीसाठी कोणाला फोन करतो: न्यायालय ज्याला नियंत्रण म्हणते ते या तीन प्रश्नांत सापडते.

आता जाणाऱ्या माणसाकडे वळू. त्याच्याबद्दल मला विशेष बोलायचे आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याचा होतो. त्याला वाटते किल्ली दिली, सुटलो. कलम १०८ चे तेच पोटकलम, ज्याने त्याला हस्तांतराचा हक्क दिला, पुढच्याच वाक्यात सांगते की केवळ हस्तांतर केले म्हणून पट्ट्याच्या जबाबदाऱ्यांतून तो मोकळा होत नाही. समजा पाच वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा आहे, दरमहा ८,००० रुपये भाडे, एक लाख अनामत. दोन वर्षांनी त्याने उरलेला सगळा काळ दुसऱ्याला दिला. नव्या माणसाने आठ महिने भाडे थकवले. ६४,००० रुपयांसाठी मालक नव्याकडे जाऊ शकतो, कारण ताबा त्याचा. आणि जुन्याकडेही येऊ शकतो, कारण शब्द त्याचा. एक धागा ताब्याचा, एक धागा कराराचा. हस्तांतराने पहिला धागा नव्या हातात जातो. दुसरा तोडायला मालकाचीच सही लागते.

इंग्लंडमध्येही हेच होते. कित्येक वर्षांपूर्वी दुकान सोडून गेलेल्या माणसाला, ज्याचे तोंडही पाहिले नाही अशा चौथ्या-पाचव्या भाडेकरूची थकबाकी भरावी लागे. १९९५ च्या कायद्याने, १ जानेवारी १९९६ पासूनच्या नव्या भाडेपट्ट्यांपुरते, जाणाऱ्याला मोकळे केले. मालकाला फार तर त्याच्या लगेच नंतर आलेल्या भाडेकरूपुरती हमी मागता येते. आपल्याकडे असा कायदा झालेला नाही. झाला पाहिजे असे माझे मत आहे.

तोपर्यंत मार्ग दोन. एक, तिघांनी मिळून केलेला कागद, ज्यात मालक लिहून देतो की जुन्याची जबाबदारी संपली आणि आजपासून नवा. १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम ६२ ला हे मान्य आहे. दुसरा, जुन्याने हक्क मालकाला परत करायचा आणि मालकाने नव्याशी ताजा करार करायचा. सोनईसारख्या ठिकाणी मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. यात मालक भाडे वाढवून मागेल ही जोखीम आहे, पण कोण कोणाचा काय लागतो याबद्दल शंका उरत नाही. कोणताही मार्ग घेतला तरी अनामतीचे एक वाक्य हवेच. नवा माणूस जुन्याला एक लाख देतो, पण मालकाकडचा लाख जुन्याच्याच नावावर राहतो. मग तीन वर्षांनी नवा माणूस अनामत मागायला गेला की मालक विचारतो, “तुझे पैसे माझ्याकडे कधी आले?” मालक खोटे बोलत नसतो.

माझ्या वकिलीच्या पहिल्या वर्षांतली एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. ओळखीच्या एका दुकानदाराचा ताबेपावतीचा कागद मी लिहिला. माल, फर्निचर, काउंटर, पंखे, सगळ्यांची यादी केली. आरसासुद्धा सोडला नाही. विजेच्या मीटरचा उल्लेख राहिला. जोडणी जुन्याच्या नावावरच राहिली. दोन वर्षांनी तो माझ्याकडे आला, खिशातून चार घड्या घातलेले बिल काढले आणि टेबलावर सरळ करून ठेवले. थकबाकी नव्याची, नाव त्याचे. तो रागावला नव्हता. “साहेब, आरसा लिहिला होता ना आपण,” एवढेच म्हणाला. तेव्हापासून कोणत्याही यादीची सुरुवात मी मीटरच्या ग्राहक क्रमांकापासून करतो.

परवान्यांचा भागही असाच आहे. त्यात गावाचा खरा पोत दिसतो. कृषी सेवा केंद्र घ्या. खत, बियाणे आणि कीटकनाशके यांना तीन वेगवेगळे आदेश-कायदे: १९८५ चा खत नियंत्रण आदेश, १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश, १९६८ चा कीटकनाशक अधिनियम. परवाना माणसाच्या नावाचा असतो आणि त्यात जागा लिहिलेली असते, गोदामासकट. दुकान विकले म्हणून परवाना विकला जात नाही. नव्या माणसाला स्वतःचा काढावा लागतो, कंपन्यांकडून स्वतःच्या नावाचे ओ फॉर्म, म्हणजे माल कुठून येतो याचे दाखले, आणावे लागतात. कीटकनाशकांसाठी शैक्षणिक पात्रतेची अटही आहे. त्यातच अनुदानित खताची विक्री पॉस मशीनवर चालते आणि मशीन जुन्या विक्रेत्याच्या खात्याला जोडलेले. ताब्याच्या दिवशी गोदामात युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या गोण्या मोजल्या जातात, आणि मशीनमधला शिल्लक आकडा वेगळाच निघतो, कारण घाईच्या हंगामात काही गोण्या अंगठा न घेता गेलेल्या असतात. तो फरक कोणाचा? भाडेपट्ट्याच्या कोणत्याही पुस्तकात याचे उत्तर नाही. पण नव्याला परवाना मिळेपर्यंतच्या काळात दुकान बंद ठेवायचे की जुन्याच्या नावाने चालवायचे, याच प्रश्नावर अनेक व्यवहार फिसकटतात. मेडिकलचेही तसेच: औषध परवाना जागेला आणि फार्मासिस्टला बांधलेला, किरकोळ विक्रीच्या दुकानाला किमान दहा चौरस मीटर जागा लागते. शेजारच्याला अर्धा गाळा दिला आणि भिंत घातली, तर परवान्याचीच जागा कमी होते.

मालक कोण, यावरही बरेच ठरते. खासगी मालकाचे “बरं” पुरते म्हणू, पण ग्रामपंचायतीच्या गाळ्याला ते पुरत नाही. तिथे ठराव लागतो, आणि लिलावाच्या अटींत पोटभाड्याला बहुधा मनाईच असते. सरपंचांनी तोंडी हो म्हटले, हा बचाव होत नाही. बाजार समितीच्या गाळ्यांचेही असेच. तिथे व्यापाऱ्याचा परवाना आणि गाळा यांची गाठ असते. देवस्थानाचा किंवा शिक्षण संस्थेचा गाळा असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ३६ आडवे येते. इमारतीचा भाडेपट्टा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा करायचा तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी हवी. विश्वस्तांनी प्रेमाने दहा वर्षे लिहून दिली तरी ती टिकत नाहीत.

मृत्यूनंतरच्या हक्काबद्दल इथे थोडक्यातच सांगतो. भाडे कायद्याखालच्या दुकानाचा हक्क भाडेकरूच्या पश्चात त्या जागेत धंदा चालवणाऱ्या कुटुंबीयाकडे जाऊ शकतो. पण मृत्युपत्राने तो परक्याला देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वसंत प्रताप पंडित यांच्या खटल्यात १९९४ मध्ये ठरवले.

आता सोनईपासून काही किलोमीटरवर जाऊ. शनिशिंगणापुरात घरांना परंपरेने दारे नाहीत, कुलपे नाहीत. दुकानेही त्याच श्रद्धेवर चालत आली. युको बँकेने जानेवारी २०११ मध्ये तिथे बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा देशभर बातमी झाली. या विषयाच्या अभ्यासकाला मात्र तिथे दुसरेच काही दिसते. ताबा देणे म्हणजे किल्ली देणे, असे आपण इतके गृहीत धरलेले आहे की किल्ली नसलेल्या जागी ताबा कसा देतात हे कधी विचारलेच नाही. तिथल्या एका दुकानदाराला मी ते विचारले. तो म्हणाला, “नवीन माणसाला घेऊन शेजारच्या चार दुकानांत चहा प्यायचा. पाचव्या दिवशी आपण यायचे नाही.” ताब्याची याहून नेमकी व्याख्या मला ग्रंथांत सापडलेली नाही. पूर्ण नियंत्रण सोडणे, ते इतरांना दिसेल असे सोडणे आणि परत न येणे: गोव्याच्या निकालात न्यायालयाने जे शोधले तेच हे आहे.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर एक सोपे काम सांगतो. गावातला एक गाळा निवडा, शक्यतो गेल्या दहा वर्षांत दोन-तीनदा पाटी बदललेला. ग्रामपंचायतीत जाऊन त्याचा नमुना ८ चा उतारा मागा. त्यात मालकाचा रकाना असतो आणि त्याच्या शेजारी भोगवटा करणाऱ्याचा. मग वीजबिलावरचे नाव पाहा, दुकानात लावलेल्या परवान्यावरचे नाव पाहा, आणि बाहेर येऊन पाटी वाचा. चार ठिकाणी चार नावे निघाली तर घाबरू नका. वही काढा, प्रत्येक नावासमोर तो माणूस त्या जागेत कोणत्या वर्षी आला ते लिहा, आणि त्याला कोणी, कोणासमोर “बरं” म्हटले होते, ते विचारायला समोरच्या टपरीवर जाऊन बसा.